चुलीमागे एक माणूस

दाजींना खुर्चीत नीट टेकून बसलेलं मी कधी पाहिलं नाही. खुर्चीच्या कडेला एक मांडी, दुसरा पाय जमिनीवर, पायात चप्पल तशीच आणि नजर दाराकडे. चहा आला की उभ्यानंच प्यायचे. बशीत ओतण्याइतकी सवड नसे, मग तोंड भाजायचं आणि दर वेळी "आयला, लय गरम हाय की," असं नव्यानं नवल करायचे. आमच्या आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, याचा फार राग यायचा. आप्पांनी सांगलीत हळदीच्या पेठेत एका अडत दुकानात गादीवर मांडी घालून सारा जन्म काढला होता. जावई घरी येतो आणि टेकत नाही, हा त्यांना स्वतःचा अपमान वाटे.

आक्काच्या लग्नात तर कहरच झाला. अक्षता पडल्या, पंगती बसल्या आणि नवरदेव बोहल्यावरून गायब. शोधलं तर मांडवाच्या मागे वाढप्यांसमोर उभे, मुंडावळ्या कानामागे सारलेल्या. एकाच पंगतीत तिघं आमटी घेऊन फिरत होते आणि भाताकडे कुणीच नव्हतं, हे त्यांना बोहल्यावरून दिसलं होतं. तू भात, तू आमटी, तू फक्त पाणी आणि मीठ, अशी विभागणी करून देऊनच ते परतले. पुढची पंगत खरोखर झटपट उठली. पण तोवर आक्का बोहल्यावर एकटीच बसून होती आणि बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. नंतर आक्का मला म्हणाली, "शालन, मला तवाच कळलं, ह्यांच्या मागं जन्मभर पळायचं हाय."

दाजी पाटणकडचे. घरची शेती, दोन चुलते पलटणीत आणि घरात पहिले शिकलेले दाजी. पुण्याला कामगार कल्याणाचा कोर्स करून ते साताऱ्यात एका कारखान्यात लेबर ऑफिसर म्हणून लागले होते. चांगली कायमची नोकरी, ती त्यांनी तिसऱ्या वर्षी सोडली. साहेबांशी भांडण नाही, पगाराची तक्रार नाही. आप्पांनी कारण विचारलं तर म्हणाले, "तिथं आता सगळं सुरळीत झालंय आप्पा. मी काय करू तिथं?"

मग त्यांनी स्वतःचा धंदा काढला. नवा कारखाना जिथं उभा राहायचा असेल तिथं जायचं. माणसं किती लागतील, कुठल्या कामाला कसली लागतील, भरती कशी करायची, पगाराच्या श्रेण्या, पाळ्या, रजेचे नियम, जेवणाची सुट्टी, हे सगळं बसवून द्यायचं. भोंगा रोजच्या रोज वेळेवर वाजायला लागला की पुढचं गाव. आता या कामाला मनुष्यबळ प्रकल्प सल्लागार असं लांबलचक नाव आहे आणि मी स्वतः त्यावर पोट भरते. पण बाहत्तरचा दुष्काळ सरून गेला त्या सुमाराला, आमच्या भागात असा काही धंदा असतो हे फक्त दाजींनाच माहीत होतं.

पेठेत आप्पांची फार पंचाईत व्हायची. "जावई काय करत्यात?" कुणी विचारलं की आप्पा म्हणत, "साहेब हाईत, कारखान्यात." "कंच्या?" आप्पा घसा खाकरून सांगत, "जो नवा निघंल त्यात." ऐकणारा समजायचा ते समजून जायचा. बऱ्याच जणांना जावई बेकार वाटे, एक-दोघांना गुप्त पोलीस वाटे. एका व्यापाऱ्यानं तर दाजींना थेट विचारलं, "मानसं लावता म्हनं तुमी. चार हमाल बघा की आमाला." आप्पांनी शरमेनं मान खाली घातली. दाजींनी मात्र खरोखर चार हमाल पाहून दिले आणि वर त्या व्यापाऱ्यालाच विचारलं, यांच्या पिण्याच्या पाण्याची सोय कुठं आहे? तो व्यापारी आप्पांना कायमचा तुटला.

या धंद्यात खरी फरफट झाली ती आक्काची. सातारा, मग कऱ्हाड, मग द्राक्षबागायतदारांच्या एका संघासाठी तासगाव, पुन्हा सातारा. कुठल्याही भाड्याच्या खोलीत ती भिंतीला खिळा ठोकायची नाही. "काढताना पोपडा निघतो," म्हणायची. दाजी तिला सांगायचे, "एक मोठं काम नावावर होऊ दे. मग सांगलीत ऑफिस टाकू, तिथंच घर बघू, आप्पांच्या जवळ. लोक मला शोधत येतील, आपण कुठं जायचं नाही." हे ती किती गावांतून ऐकत आली होती कुणास ठाऊक. पण उंब्रजचं काम मिळालं तेव्हा तिलाही वाटलं, हेच ते मोठं काम.

उंब्रजजवळ हमरस्त्याच्या कडेला ओतकामाचा मोठा कारखाना येणार होता. कारखान्याचं आणि ज्या गावाची जमीन त्यात गेली त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून मला ओळखतात. दाजी एक दिवस सांगलीला आले आणि दारातूनच म्हणाले, "आप्पा, शालनला न्यायला आलोय. टायपिंगला माणूस पाहिजे. घरीच राहील, आक्काजवळ. पगार देणार."

मी तेव्हा टायपिंगची परीक्षा देऊन स्थळांची वाट पाहत घरी बसले होते. आप्पा म्हणाले, "आन् स्थळं?"

"स्थळं उंब्रजलाबी येत्यात की आप्पा. हायवेवरचं गाव हाय."

आप्पांचा होकार यायच्या आत मी बॅग भरली होती. दाजींना हे फार आवडलं. पुढे कुणाशीही माझी ओळख करून देताना ते म्हणायचे, "ही आमची मेव्हणी. हिला निघायला वेळ लागत नाही."

खत-बियाण्यांच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत ऑफिस आणि मागच्या खोलीत संसार. दाजी मजकूर सांगायचे तो चालत चालत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एक वाक्य खिडकीपाशी सुरू व्हायचं आणि त्याचं क्रियापद जिन्यात ऐकू यायचं. मी ओरडायची, "दाजी, पुढं काय?" ते खालून ओरडायचे, "पूर्णविराम!" आणि तेवढ्यात चहाच्या गाड्यावर पोचलेले असायचे.

माणूस निवडायची त्यांची रीत वेगळीच होती. मुलाखतीच्या दिवशी ते आधी स्टँडवरच्या चहाच्या टपरीत जाऊन बसायचे, म्हणजे उभे राहायचे. उमेदवार तिथं येत. कोण बाकावर सरकून दुसऱ्याला जागा देतो, कोण ग्लास कुठंही ठेवतो, कोण चहावाल्या पोराच्या अंगावर वसकतो, हे पाहून घ्यायचे. "भट्टीपाशी काम करायचं तर शेजारच्याकडं ध्यान पाहिजे," म्हणायचे, "अर्ज तर कुणीबी चांगला लिहून घेतो." एकदा पलटणीतून परतलेला एक हवालदार कडक सलाम ठोकून उभा राहिला. "कसलं काम कराल?" दाजींनी विचारलं.

"हुकूम द्याल त्ये, सायब."

"आणि हुकूम नाही दिला तर?"

गड्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "मग च्या पितो, सायब."

दाजी इतके हसले की त्याला तिथल्या तिथं गेटचा प्रमुख केलं. निवृत्त होईतो त्यानं गेट सांभाळलं.

पण उंब्रजच्या कामात खरी मेख होती ती वेगळीच. जमीन गेलेल्या प्रत्येक कुटुंबातल्या एकाला नोकरी, असं मालकांनी गावाला कबूल केलं होतं. आता कुटुंब म्हणजे काय? मालकांच्या वकिलानं सरळ सातबारा पुढं केला. सातबाऱ्यावर कुठं वारलेल्या आज्याचं नाव, कुठं चार भावांची जमीन एकट्या थोरल्याच्या नावावर. त्या मोजणीनं चार संसारांत मिळून एक नोकरी येत होती. दाजी स्वतः तसल्याच घरातले. ते दिवसचे दिवस तळमळत फिरले. जेवताना भाकरीचा तुकडा हातात घेऊन उठायचे आणि खिडकीशी जाऊन उभे राहायचे. आक्का ताटावर ताट झाकून ठेवायची.

मग एके दिवशी ते गावात गेले असताना देवळात जत्रेची वर्गणी गोळा होत होती. चुलीमागे इतकी, अशी गावाची पद्धत. कोण कुणापासून वेगळं झालं, कुणाचं अजून एकत्र शिजतं, हे गावाला तोंडपाठ. दाजी जे निघाले ते धापा टाकत जिना चढूनच थांबले. "शालन, घाल कागद. एका चुलीमागे एक माणूस!" गावानं आपण होऊन पाळलेली मोजणी, भांडणाला जागाच नाही. वर्गणीच्या आकड्यावरून मालकांना चुली बेताच्याच दिसल्या आणि त्यांनी मान्यता दिली. गावानं देवळासमोर दाजींना फेटा बांधला. त्या दिवशी आक्का मला म्हणाली, "सांगलीत दोन खोल्या बघायला सांगावं का गं आप्पांना?"

दाजींच्या एक गोष्ट ध्यानात आली नव्हती. वर्गणी द्यायची असते तेव्हा कुणी आपली चूल वाढवून सांगत नाही. इथं तर चुलीला नोकरी मिळणार होती.

पुढच्या काही दिवसांत त्या गावात ज्याच्या त्याच्या घरी नवी चूल घातली गेली. ओढ्याकाठची चांगली माती संपली म्हणतात. पुरुषांनी परक्याच्या स्वयंपाकघरात कसं जायचं, म्हणून दाजींनी पाहणीला मला पाठवलं. ज्ञानू आणि सर्जेराव या दोघा भावांचं घर मला चांगलं आठवतं. थोरल्या ज्ञानूची बायको हौसाबाई अंगानं भरलेली, मोठ्या आवाजाची. सर्जेरावाची विमल पाठीमागे उभी, पदर दातात. आत जुनी चूल होती आणि बाहेर सोप्यात एक कोरी करकरीत चूल, काजळीचा ठिपका नाही. तिच्यावर पातेलं होतं.

"काय शिजतंय?" मी विचारलं.

"पानी," हौसाबाई म्हणाली.

"पाण्याचं काय करणार?"

"गरम पानी." मग तीच आधी हसली. विमल हसली, मीही हसले. "बाई, सायबानं इचारलं तर सांगा, दोन चुली पेटत्यात म्हून. लेकरांचं कल्याण हुईल."

मी दाजींना सांगितलं. डोळ्यांत पाणी येईतो हसून ते म्हणाले, "असू दे गं. दोन पोरं जास्त लागतील. मालकाचं काय जातंय?"

मालकांना मात्र कुणकुण लागली. चुलींचा आकडा वर्गणीपेक्षा फारच फुगला होता. मुंबईहून माणसं येऊन ऐन जेवणवेळी घरं तपासणार, असं कळलं. सगळा नियमच रद्द होऊन पुन्हा सातबारा येण्याची वेळ. त्याबरोबर दाजींचं नावही जाणार होतं आणि सांगलीचं घरही. दाजींनी देवळात सगळ्यांना बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, "पाणी उकळून भागायचं नाही. तपासणी होईपर्यंत चुली खऱ्या पेटल्या पाहिजेत. धान्य वेगळं, भांडी वेगळी, पंगत वेगळी."

ज्ञानू म्हणाला, "आन् मग फिरून येकत्र?"

"मग काय, तुमचं तुम्ही," दाजी म्हणाले. "चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

ती तपासणी अख्खा पावसाळा उलटून गेल्यावर झाली. तेवढ्या काळात जोंधळ्याची कणगी वेगळी झाली. म्हशीचं दूध कुणाकडे किती, यावरून बोलाचाली झाली. सरपण कुणी आणलं आणि कुणी जाळलं, हे निघालं. सर्जेरावाचा पोरगा जन्मापासून हौसाबाईच्या कुशीत झोपायचा, त्याला एका संध्याकाळी हाक मारून परत बोलावलं गेलं. मुंबईची माणसं आली तेव्हा कुणाला काही खोटं करावंच लागलं नाही. त्यांनी घरोघरी पाहिलं, खरोखरच वेगवेगळं शिजत होतं. नियम टिकला. दोघंही भाऊ लागले, ज्ञानू मालखान्यात आणि सर्जेराव भट्टीवर. भोंगा वाजला आणि मालकांनी भर सभेत दाजींचं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या.

रिवाजाप्रमाणे दाजी गावाचा निरोप घ्यायला गेले, मी बरोबर होते. ज्ञानूच्या सोप्यात मधोमध नव्या विटांची भिंत उभी होती. दाजी बघतच राहिले. "हे काय, ज्ञानूभाऊ?"

"तुमीच म्हनला हुता न्हवं सायब, पंगत येगळी," ज्ञानू म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. भिंतीकडे पाठ करून तो शांत तंबाखू मळत होता. आतून हौसाबाई म्हणाली, "पंगत येगळी झाली सायब, मग मानसंबी झाली." आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. नंतर कळलं, अशी भिंत काही त्या एकाच घरात नव्हती.

दाजींनी उंब्रज सोडलं नाही. म्हणजे काम संपलं होतं, बिऱ्हाड हलवायला हवं होतं, आक्कानं भांडी बांधली होती. पण दर रविवारी दाजी त्या गावात. ज्ञानूच्या सोप्यात बसायचे आणि म्हणायचे, "चूक माझी आहे. मी नियम केला. आता नोकऱ्या लागल्यात, कुणी काढत नाही. पाडा ती भिंत." ज्ञानू म्हणायचा, "बगू की सायब." सर्जेराव म्हणायचा, "दादा म्हनंल तसं." दोघंही आदरानं बोलायचे, चहा द्यायचे, आणि भिंत तिथंच असायची. दाजींना झोप लागेना. अंगातली मूळची चुळबुळ आता वेगळीच झाली होती. आधी ते कुठंतरी जायचं म्हणून उठायचे, आता नुसतेच उठायचे.

मधे एकदा मी भरतीच्या राहिलेल्या कागदांवर सह्या घ्यायला एकटीच गेले होते. ज्ञानू घरी नव्हता. विमलनं मला भिंतीच्या तिच्या बाजूला बोलावलं आणि स्वतःच्या चुलीवर चहा ठेवला. हळू आवाजात, पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून, ती म्हणाली, "लगीन होऊन आलीया तवापास्नं मीठ जाऊबाईंनी घालायचं. कालवणाला तिकाट किती, त्येनीच ठरवायचं. म्या निस्त्या भाकऱ्या थापल्या. आता मला कळलंया बाई, ह्यास्नी कमी तिकाट लागतंय." तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तोवर त्या घरात पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

पुढच्या रविवारी गावाकडं जाताना ते मी दाजींना सांगितलं. वाटलं, त्यांचं ओझं हलकं होईल. ते माझ्यावर कधी नव्हे ते भडकले. "एकीला कालवण मनासारखं करता येतंय म्हणून घर मोडलं ते चांगलं झालं का?"

"घर कुणाचं मोडलं दाजी? तिचं तर झालं," मी म्हटलं.

"तू लहान आहेस," ते म्हणाले आणि झपाझप पुढं चालायला लागले. मी लहान नव्हते आणि माझं चुकलंही नव्हतं. आजही मी तेच म्हणेन. पण हौसाबाईचं रडणंही मी पाहिलं होतं. ते त्यांच्या डोळ्यांपुढून जाईना, हे मला कळत होतं. त्या दिवशी एस.टी.त आम्ही दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

एवढ्यात पाटणकडून बोलावणं आलं. तिथं याहून मोठा प्रकल्प येत होता, जमिनी जाणार होत्या, आणि उंब्रजच्या नियमाची कीर्ती तिकडं पोचली होती. लोक दाजींना शोधत आले होते, त्यांनी म्हटलं होतं तसंच. बैठकीला मी टिपणं घ्यायला गेले. मुख्य साहेब म्हणाले, "तुमचा चुलीचा नियम आम्हाला जसाच्या तसा हवा. कागद तयार आहेत, सही करा." दाजी खुर्चीच्या कडेवर होते. म्हणाले, "तो नियम सोडून दुसरं काहीही करतो. त्यानं घरं फुटतात."

"मग मोजायचं कशानं?"

"नोकरी माणसाला नको, घराला द्या. घरात कुणी यायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे. आज थोरला येईल, उद्या धाकटा."

साहेब हसले, पण कुचेष्टेनं नव्हे. "हजेरीपटावर घर कसं लिहिणार हो? भट्टीवर आज एक आणि उद्या दुसरा कसा चालेल?" याचं उत्तर मला पुढे कितीतरी वर्षं याच कामात घालवूनसुद्धा धड सुचलेलं नाही. दाजी उठले, हात जोडले आणि बाहेर पडले. काम दुसऱ्याला गेलं आणि नियम चुलीचाच राहिला.

घरी येऊन त्यांनी आक्काला सांगितलं. आक्का कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी तिनं हातातलं फडकं भिरकावलं. "साऱ्या गावाच्या चुलीची काळजी केलीत. माझी चूल कवा मांडायची? सांगा की! गाव बदललं की माझी चूल बदलली, मी कवा तोंड उघडलं? आन् आता लोक दारात आलं तर तुमी न्हाई म्हनून आला?" ती भिंतीकडे तोंड करून रडली. दाजी खोलीच्या मधोमध उभे राहिले. इकडे नाही, तिकडे नाही. मी त्यांना असं एका जागी थांबलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं आणि मला ते बघवेना.

दोन आठवड्यांत त्यांनी सांगलीतल्या एका गिरणीत लेबर ऑफिसरची कायमची नोकरी धरली. आप्पांच्या घरापासून जवळच घर घेतलं. आक्कानं पहिल्याच दिवशी हातोडी मागून घेतली. मी उंब्रजच्या कारखान्यातच पर्सोनेल खात्यात राहिले, दाजींनीच शब्द टाकला होता. आप्पा आता पेठेत जावयाच्या गिरणीचं नाव छातीठोक सांगत. मी सुट्टीला गेले की दाजी गिरणीतल्या माणसांच्या गोष्टी सांगत, हसत, आणि मधेच उठून दारापाशी जात. गिरणीत त्यांचा जीव रमला नाही. रविवार आला की मात्र पहिल्या गाडीनं उंब्रज. आक्का डबा करून द्यायची. कुठं जाता, हे तिनं विचारणं सोडून दिलं होतं.

एका उन्हाळ्यात गिरणीतून परत येताना त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत ते गेले. वय काही जाण्याचं नव्हतं. मी पोचले तेव्हा आप्पा दारात जमिनीवर बसले होते आणि येईल त्याला विचारत होते, "बसला असता घटकाभर, तर काय झालं असतं?"

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात एक बाई उभी राहिली. हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. कऱ्हाडला गाडी बदलून उन्हातनं आली होती. विमल. सर्जेरावाला कारखान्यात कळलं होतं, त्यानं तिला सांगितलं होतं. एकटीच आली होती. दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही. सोयऱ्याधायऱ्यांनी भाकरी आणायची असते. विमल आमची सोयरी नव्हती की धायरी नव्हती. आक्कानं तिला कधी पाहिलंही नव्हतं.

"सायबांचं घर ह्येच न्हवं?" तिनं विचारलं. मी तिला आत नेलं. आक्कानं दोन दिवसांत अन्नाला हात लावला नव्हता. विमलनं काही न विचारता पितळी मागितली, भाकरी कुस्करली, वर आमटी घातली आणि आक्कासमोर ठेवली. "खावा," म्हणाली, "माझ्या हातची हाय."

आक्का माझ्याकडे पाहायला लागली. मी सांगितलं, ही उंब्रजकडची विमल, दाजी दर रविवारी जायचे त्या घरातली.

"सायब यायचं," विमल म्हणाली. "आमच्या भाऊजींम्होरं बसायचं आन् म्हनायचं, माझं चुकलं. दर बारी. म्या भिंतीमागं उबी राहून ऐकायची. वाटायचं, बाहीर यावं आन् सांगावं, न्हाई सायब, माज्यापुरतं तरी न्हाई चुकलं. पर थोरल्या दिराम्होरं कवा बोलली न्हाई म्या. आज बोलू, पुढच्या ऐतवारी बोलू, करत ऱ्हाऊनच गेलं." तिचा हुंदका फुटला.

मी सांगून त्यांना पटलं नव्हतं. हिनं सांगितलं असतं तर पटलं असतं. त्या क्षणी मला विमलचा राग आला, त्या ज्ञानूचा आला, आणि भिंतीपलीकडे उभं राहायला लावणाऱ्या आमच्या साऱ्या रीतिरिवाजांचा आला.

आक्कानं भाकरीचा घास उचलला, तोंडात घातला आणि कितीतरी वेळ चावत राहिली. मग तिनं विमलचा हात धरून तिला आपल्या शेजारी बसवलं.

"मला सांग," ती म्हणाली. "त्यांना सांगायचं हुतं ते समदं मला सांग."

विमलनं डोळे पुसले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तिच्या चुलीवर पहिलं कालवण शिजलं त्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.